वीज परत आल्यावर

यंत्र एखाद्या जाड पुस्तकाएवढं.
पोटात पंखा नाही, पाठीवर ॲल्युमिनियमच्या पन्हळी,
आणि मागं चार भोकांचा चौकोन,
पंचाहत्तर मिलिमीटर बाय पंचाहत्तर.
एवढ्या चार भोकांसाठी नारीनहून पहाटे निघाले,
खिंडीत दोनदा उतरून गाडी ढकलली.

दूध संकलनाच्या खोलीत बुरुलचा एजे
किटल्यांच्या रांगेकडं पाठ करून म्हणाली,
"काटा आहे, वही आहे, मी आहे.
आता भिंतीलाही शिकवणार का?"

भिंत कच्च्या विटांची.
ड्रिल लावला तशी पिवळी माती गळू लागली,
प्लग हलत्या दातासारखा बोटांत परत आला.
मग तिनंच गोठ्यामागून जुनिपरची फळी ओढून आणली,
दोन खांबांना लांब खिळ्यांनी ठोकली,
आणि मी पेन्सिलनं खूण करणार तोच
माझं मनगट धरलं.

"इथं नको."

वाकून पाहिलं. चुन्यावर पुसट उभ्या रेघा,
पाच-पाचांचे जुडगे,
एक हिवाळा वही संपली होती
तेव्हा तोक्तोसूननं भिंतीवर लिहिलेलं दूध.
कुणाचं किती, ते आता कुणालाच वाचता येत नाही.

फळी वीतभर डावीकडं सरकवली,
तशी केबल वीतभर कमी पडली.
गारठलेल्या बोटांनी पुन्हा सोलली ती,
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी,
आठ तारा, आठ बाया एका बाकावर,
एकीची जागा चुकली तर कुणीच बोलत नाही.

पडदा उजळला. घड्याळाची बॅटरी वाटेत गारठली असणार.
यंत्र म्हणालं: एक जानेवारी, साल दोन हजार.

"तेव्हा तो होता," एजे म्हणाली.
एवढंच.
मग रांगेतल्या पोराला ओरडली, झाकण लाव म्हणून.

मी तारीख दुरुस्त केली.
हात जरा रेंगाळला, खोटं कशाला बोलू,
पण दुधाला आजचीच तारीख लागते.

यंत्राचं नाव विचारलं तर म्हणाली, तोरू.
तिचा पिंगट घोडा,
बर्फात धनी झोपला तरी घर चुकायचा नाही.
संकेतशब्द मात्र कुणाला सांगायचा नाही, मी बजावलं.
तिनं मान हलवली
आणि कळफलकावर एकेक अक्षर शोधताना
इतक्या मोठ्यानं उच्चारला
की भिंतीला कान असतील-नसतील,
रांगेतल्या अकरा जणांना होतेच.
एक म्हातारा म्हणाला, "शेवटचं अक्षर विसरलीस."
पुन्हा नवा ठेवला. या वेळी सगळ्यांना अंगणात काढून.

शेवटी त्या निळ्या पडद्यावरची एक ओळ,
जी बहुतेक लोक न वाचताच पुढं जातात:
वीज गेली आणि परत आली, तर काय करायचं?
बंद राहायचं. आधी होतं तसं व्हायचं. सुरू व्हायचं.
मी तिसरं निवडलं.

एजेचा विश्वास बसेना.
तिनं स्वतःच्या हातानं प्लग उपटला.
खोली आपल्या जुन्या अंधारात गेली,
दुधाचा वास अचानक मोठा झाला.
दहापर्यंत मोजून तिनं प्लग परत खुपसला.
कोपऱ्यात हिरवा ठिपका,
मग तोरू,
मग काट्याचा शून्य, कुणी बटणाला हात न लावता.

"कुणी उठवलं नाही," ती म्हणाली,
"आणि चिडलंही नाही."

पहिली नोंद त्या पोराची: चार किलो दोनशे.
एजेनं तरीही वहीत लिहिलं,
मग पडद्याकडं पाहिलं,
मास्तरीण उत्तर ताडून बघते तशी.

निघताना मला लोणी दिलं, कागदात बांधून.
खिंड चढताना ते मांडीवर होतं
आणि डोक्यात फक्त फळी.
उजवीकडं दोन मिलिमीटर कललीये ती.
लेव्हलचा बुडबुडा मी पाहिला होता,
आणि गाडी थांबलीये म्हणून
काही बोलले नव्हते.